पाण्याला भ्यालेली घड्याळं

घड्याळ आणायला जिंतूरला चालले आहे असं मी सांगितलं, तेव्हा कोल्हापुरात आमच्या तलावावर पोहायला येणाऱ्या बायकांना वाटलं मी थट्टा करते आहे. घड्याळ आणायला लोक दुबईला जातात, फार तर मुंबईला. जिंतूरला कापसाचे व्यापारी जातात. बायकांना सगळं समजावून सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ती तर सरळ दयाच होती.

वाचकांनाही सांगून टाकते. मी पोहायला शिकवते. पूर्वी काही वर्षं मालवणच्या समुद्रात हौशी लोकांना बुडी मारायला नेण्याचं कामही केलं. खोल पाण्यात किती वेळ झाला हे कळलं तरच पाठीवरच्या टाकीत हवा किती उरली याचा अंदाज येतो. त्यासाठी मनगटावर जाड काचेचं, घट्ट झाकणाचं, फिरत्या कड्याचं घड्याळ बांधतात. ते डायव्ह घड्याळ. मोठ्या कंपन्या ती ढिगाने काढतात. पण जगात ठिकठिकाणी एकेकटी वेडी माणसं घराच्या मागच्या खोलीत बसून असं घड्याळ स्वतः आखतात, हाताने जुळवतात, एका खेपेला मोजकीच काढतात आणि संपली की संपली. मला ती आवडतात, कारण त्यांत एका माणसाचा हात दिसतो. माझ्याकडे अशी काही आहेत. सगळी ओरखडलेली.

ती गोळा करणाऱ्या जमातीबद्दल मात्र मला चांगलं बोलता येत नाही. ही माणसं तीनशे मीटर खोल पाणी सोसणारं घड्याळ घेतात आणि हात धुताना काढून ठेवतात. घड्याळाच्या पाठीवरचा प्लास्टिकचा पापुद्राही काढत नाहीत, कारण तो काढला की घड्याळ 'वापरलेलं' ठरतं. आमच्या मोबाइलवरच्या गटात अशी शेकडो घड्याळं रोज दिसतात. गादीवर, गाडीच्या चाकावर, कॉफीच्या कपाशेजारी. पाण्यात एकही नाही.

ज्याचं घड्याळ आणायला मी निघाले होते तो विक्रांत मूळचा जिंतूरचा. पुण्यात कारखान्यात इंजिनिअर होता, नोकरी सोडून घड्याळं करायला लागला. त्याच्या पहिल्या घड्याळाचं नाव 'पूर्णा', कारण येलदरीचं धरण पूर्णा नदीवर आहे आणि तो तिथे पोहायला शिकला. ज्यांनी नोंदवलं त्यांच्या हाती तो ते स्वतः येलदरीच्या काठावर देणार होता. मोजके लोक येणार होते. पाण्याकाठी घड्याळ देणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून गेले.

परभणी ते जिंतूर

दिवाळी उलटून गेली होती. परभणीच्या स्टेशनावर उतरले तेव्हा हवेत चांगलाच गारवा होता. आमच्याकडे कोल्हापुरात थंडी म्हणजे बायकांनी स्वेटर दाखवायचं निमित्त. इथली थंडी गुडघ्यात शिरते. बाकी मंडळी विमानाने संभाजीनगरला उतरून भाड्याच्या गाडीने येणार होती. मी एसटी पकडली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या होत्या. सोयाबीन निघून गेलेल्या रानात काळी माती उघडी पडली होती. मधूनच तुरीची हिरवी गर्दी. आमच्याकडे उसाने सगळं झाकून टाकलंय, जमीन कशी दिसते ते विसरायला झालंय. इथे ती दूरवर दिसते. खिडकीतून येणारी धूळ मात्र मी तोंडभर खाल्ली, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

जिंतूरला विक्रांतच्या मामांचं घर. मामा शेतावर होते. दारात मामी होत्या, उंच, काठीसारख्या ताठ.

"या बाई, लय दुरून आलात. आधी हातपाय धुवा."

मी ओसरीवर टेकले तोच त्यांनी ताट पुढे केलं. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना मिरची-शेंगदाण्याची फोडणी दिलेलं ते खाणं, त्याला इथे सुशीला म्हणतात. कोल्हापुरात चुरमुरे भेळेत कुरकुरीत राहण्यासाठी जन्माला येतात. इथे ते मुद्दाम भिजवतात आणि अतिशय चांगले लागतात. मी दुसऱ्यांदा घेतलं.

"आमचा इक्रांत काय करायलाय, मला तर काई समजंना," मामी म्हणाल्या. "चांगली नोकरी सोडली अन् घड्याळात डोळे घालून बसायलाय. ते घालून पवता येतंय म्हनं?"

"येतं की."

"मग ह्या येणाऱ्या समद्यांला पवायला येतंय का?"

"एकालाही नाही."

मामींनी माझं रिकामं ताट उचललं. हसल्या नाहीत, फक्त "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी गाडी आली. आधी निखिल उतरला. हा मुंबईचा, कुठल्याशा संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. घड्याळं घेतो आणि भाव चढला की विकतो. त्याच्यामागून डॉक्टर सबनीस, पुण्याचे, दातांचे डॉक्टर. घड्याळ हाताळायला पांढरे सुती हातमोजे घेऊन आले होते. रुग्णाच्या तोंडात हात घालताना घेत असतील तेवढी काळजी घड्याळाची. त्यांच्यामागून आणखी चार-पाच जण, सगळ्यांच्या पायांत गिर्यारोहणाचे कोरे बूट.

रात्री मामींनी भाकरी आणि येसराची आमटी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, त्याची दाट, झणझणीत आमटी होते. निखिलने आधी तिचा फोटो काढला, मग ती बाजूला सरकवली आणि पिशवीतून पौष्टिक वडी काढून खाल्ली. मामींनी ते पाहिलं. त्यांनी त्याला पुन्हा वाढायला विचारलंच नाही.

येलदरी

सकाळी धरणापासून बऱ्याच अंतरावर, जलाशयाच्या काठी गेलो. पावसाळा चांगला झाला होता, पाणी काठोकाठ होतं. हिरवट, थोडं मातकट, वर उन्हाची चमक. विक्रांतच्या जाहिरातीत 'येलदरीच्या पहाटेचा निळा' असं लिहिलं होतं. निखिल पाण्याकडे बघून म्हणाला, "रंग मॅच होत नाहीये." जसं काही धरणानेच चूक केली होती.

विक्रांतने डब्या उघडल्या. इथे मला तिरकं बोलता येत नाही. घड्याळ सुंदर होतं. तबकडीचा निळा कडेला काळा होत गेलेला, सेकंदाचा काटा गवताच्या पात्यासारखा बारीक, आणि पाठीवर धरणाच्या दारांची रेघारेघांची नक्षी. त्याखाली कोरलेलं, तीनशे मीटर. विक्रांत एकेकाचं नाव घेऊन डबी हातात ठेवत होता. मी तिथल्या तिथे पापुद्रा सोलून फेकला आणि मनगटावर बांधलं. डॉक्टर सबनीसांच्या तोंडून बारीकसा हुंकार आला, जणू मी एखाद्याचे टाके उसवले.

काठावर आमच्या आधीच एक धनगर कुटुंब होतं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. नवरा कंबरभर पाण्यात उभा राहून एकेक मेंढरू चोळत होता आणि त्याची बायको, सोजराबाई, काठीने पुढचं मेंढरू पाण्यात लोटत होती. मेंढरं ओरडत होती, पाण्यावर लोकरीचा मळ तरंगत होता. निखिलने ड्रोन काढला. मग सोजराबाईंकडे गेला.

"मावशी, जरा ही जनावरं तिकडे हलवता का? फोटोत येतायत."

"कुठं हलवू? पानी हितंच हाय की." त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमीच सरका जरा. तुमाला कुठं आंघूळ घालायचीय?"

मला हसू आवरेना. सोजराबाई माझ्याकडे वळल्या. "काय करायलेत ओ हे?"

"घड्याळांचे फोटो काढतायत."

"मानसांचे न्हाई?"

"नाही. फक्त घड्याळांचे."

"अगं बया," त्या म्हणाल्या आणि पुढचं मेंढरू लोटलं.

काठाला कोळ्यांची एक रिकामी नाव बांधलेली होती. डॉक्टरांना नवं घड्याळ बांधून, नावेत उभं राहून, हात पाण्यावर धरून फोटो हवा होता. निखिल म्हणाला, ड्रोनने वरून घेऊ. विक्रांत ओरडून सांगत होता की तिथे जुन्या ओढ्याचं पात्र आहे, दोन पावलांवर खोल होतं, उभे राहू नका. पण डॉक्टर चढले. दोर सैल होता, नाव काठापासून लांब सरकली. त्यांनी हात लांब केला, मनगट वळवलं, वर ड्रोनकडे पाहून हसले. नाव एका बाजूला कलली आणि डॉक्टर पाण्यात गेले.

आधी सगळे हसले. मग डॉक्टर वर आले ते तोंड उघडून, हात वेडेवाकडे मारत, आणि पुन्हा खाली गेले. हसणं थांबलं. पण हललं कोणी नाही. गिर्यारोहणाचे बूट चिखलात तसेच रुतून राहिले. विक्रांत काठावर घड्याळांच्या डब्यांपाशी होता, तो धावत निघाला. मी जवळ होते. चपला काढल्या आणि उडी मारली.

बुडणारा माणूस तुम्हाला धरायला बघतो, त्याला धरू द्यायचं नसतं. हे मी शेकडो जणांना शिकवलंय, पण थंडगार पाण्यात एक जाडजूड माणूस गळ्याला मिठी मारतो तेव्हा शिकवलेलं आठवायला लागतं. मी खाली बुडी मारली, त्यांनी हात सोडले, मग मी मागून येऊन त्यांची हनुवटी धरली आणि पाठीवर तरंगत काठाकडे ओढायला लागले. ते लाथा मारत होते. मला धाप लागली. मालवण सोडून बरीच वर्षं झाली होती आणि ती त्या क्षणी सगळी जाणवली. तेवढ्यात एक काठी समोर आली. सोजराबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. "धरा बाई, घट्ट धरा!" त्यांनी आणि विक्रांतने आम्हा दोघांना चिखलातून वर ओढलं.

डॉक्टर पालथे पडून पाणी ओकले, खोकले. सोजराबाईंनी स्वतःची घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली. श्वास ठिकाणावर आल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा हात वर केला, मनगट डोळ्यांपुढे आणलं आणि म्हणाले, "धुकं धरलंय."

मी आपलं बघितलं. माझ्याही काचेच्या आतून धुकं होतं, आणि खालच्या कडेला पाण्याचा एक थेंब इकडून तिकडे हलत होता. तीनशे मीटरचं घड्याळ. आम्ही गेलो होतो फार तर पुरुषभर खोल.

निखिल जवळ आला. डॉक्टर कसे आहेत हे त्याने विचारलं नाही. "अहो, उडी मारण्याआधी काढायचं ना," तो मला म्हणाला.

मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिता येत नाही. सोजराबाईंना ते पटलं, एवढं सांगते.

पुन्हा जिंतूर

मामींनी डॉक्टरांना घरातल्या घोंगडीत गुंडाळून ओसरीच्या कोपऱ्यातल्या चुलीपुढे बसवलं. विक्रांत माझं आणि डॉक्टरांचं घड्याळ घेऊन आतल्या खोलीत गेला. मी ओलं डोकं पुसत दारात उभी होते. त्याने पाठीचं झाकण फिरवून काढलं, भिंगातून पाहिलं, मग दुसऱ्याचं काढलं. झाकणाच्या आत रबराची बारीक कडी असते, तीच पाणी अडवते. ती दोन्हींत नीट बसत नव्हती, किंचित सैल होती.

"कड्यांची दुसरी खेप मागवली होती," तो म्हणाला. "नमुन्याच्या घड्याळांना आधीच्या कड्या होत्या, ती मी तपासली होती. ही तपासायची राहिली. तारीख जाहीर करून बसलो होतो."

"म्हणजे बाहेर सगळ्यांच्या हातात हीच?"

त्याने होकारार्थी मान हलवली. बाहेरून निखिलचा आवाज येत होता, तो ड्रोनचं चित्रण कोणाला तरी दाखवत होता. विक्रांतने उघडं घड्याळ पुन्हा भिंगाखाली धरलं. त्याच्या मनात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं. बाहेरच्यांचं एकही घड्याळ कधी पाण्यात जाणार नव्हतं. तो गप्प राहिला असता तर कोणाला कळलंच नसतं. आमची दोन दुरुस्त करून दिली की झालं. मी मुद्दाम डोकं पुसत राहिले. हा माणूस घड्याळ करतो की शोभेची वस्तू, ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

तो उठला आणि ओसरीवर आला.

"सगळी घड्याळं परत द्या," तो म्हणाला. "झाकणाची कडी सैल आहे. पाणी शिरतं. मी दुरुस्त करून पाठवतो."

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. झालं ते भलतंच. सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि एकेकाच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला.

"म्हणजे पहिल्या खेपेत दोष आहे," निखिल म्हणाला. "आणि पुढच्या खेपेत नसणार."

"नसणार."

"मग परत कशाला द्यायचं? दोष असलेली पहिली खेप! लोक शोधत येतील."

"अहो, पाणी शिरतं त्यात."

"आम्ही कुठे पाण्यात जाणार आहोत?"

आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने तर घड्याळ हातातून काढून पुन्हा डबीत ठेवलं, आता ते जास्त जपायला हवं म्हणून. चुलीपुढून डॉक्टर बोलले, घोंगडीतूनच. "माझंही राहू दे. धुक्यासकट. याला आता इतिहास आहे."

मला त्या क्षणी असं वाटलं की यांना सगळ्यांना पुन्हा येलदरीला न्यावं आणि त्या ओढ्याच्या पात्रात सोडावं.

विक्रांत लालबुंद झाला. तो मूळचा हळू बोलणारा. "मी त्याच्यावर तीनशे मीटर कोरलंय," तो म्हणाला. "ते खोटं हाय. माझं नाव घालून खोटं फिरायलंय, ते मला चालायचं न्हाई." रागात त्याची पुण्याची भाषा गळून पडली होती.

तो मागच्या अंगणात गेला, नळाखालची बादली भरली आणि ओसरीच्या मधोमध आणून आदळली. पाणी निखिलच्या बुटांवर उडालं.

"ज्याला ठेवायचंय त्यानं ह्यात बुडवून दाखवावं. कोरडं निघालं तर तुमचं. न्हाई निघालं तर माझं."

कोणी पुढे येईना. तेवढ्यात मामी आतून आल्या, डॉक्टरांपुढे चहा ठेवला आणि शांतपणे विचारलं, "डाक्टर, तुमाला आज कुनी वाचिवलं? ह्या बाईनं का त्या घड्याळानं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. मग घोंगडीतून हात बाहेर काढून ते मला म्हणाले, "मॅडम, मी तुमचे आभारसुद्धा मानले नाहीत." त्यांचं घड्याळ आत विक्रांतच्या टेबलावर उघडं पडलेलं होतं. "ते तुझ्याकडेच राहू दे विक्रांत, दुरुस्त कर. इतिहास-बितिहास जाऊ दे."

त्यानंतर एकाने बादलीत घड्याळ सोडलं. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. थोड्या वेळाने काचेच्या कडेला पांढरट वाफ दिसायला लागली. त्याने ते निथळून विक्रांतच्या हातात दिलं. मग दुसऱ्याने बुडवलंच नाही, सरळ दिलं. असं करत करत एक सोडून सगळी आली.

निखिलने आपलं डबीसकट खिशात घातलं आणि गाडीवाल्याला फोन लावला. "मी नोंदवलं, मला मिळालं. विषय संपला," तो म्हणाला. त्याला कोणी अडवलं नाही. मामींनी त्याच्यासाठी बांधलेले धपाटे मात्र त्याने न विसरता घेतले.

मी दुसऱ्या दिवशी निघाले. जाताना विक्रांत म्हणाला, "ताई, आता मला कोण घेणार?" मी त्याला काही गोड सांगितलं नाही. निम्मे लोक पुन्हा नाव घेणार नाहीत, एवढंच सांगितलं, आणि ते खरं होतं. सगळी घड्याळं पुन्हा उघडायची, प्रत्येक पाण्याखाली तपासायची, आणि तोवर नवीन काही करायचं नाही, एवढं त्याच्यापुढे होतं.

उन्हाळ्यात माझं घड्याळ आलं. मी ते रोज तलावात घालते. काचेला एक आडवा ओरखडा आहे, आत पाणी नाही. डॉक्टर सबनीसांनी पुण्यात पोहण्याचा वर्ग लावल्याचं विक्रांतकडून कळलं. अजून बाजूची कड सोडत नाहीत म्हणे.

निखिलने त्याचं घड्याळ आमच्या गटावर विकायला काढलं. 'पहिल्या खेपेतलं एकमेव, मूळ दोषासह, पापुद्राही न काढलेलं' असं लिहून. चढ्या भावाने लगेच गेलं. काही दिवसांनी विक्रांतचा मला फोन आला. तो हसत होता, इतका की नीट बोलता येईना. त्याला एका अनोळखी माणसाचा संदेश आला होता. रत्नागिरीचा कोणी होता, त्याने निखिलकडून घेतलं होतं आणि घड्याळात पाणी शिरल्याची तक्रार करत होता. विक्रांतने त्याला पाठवून द्यायला सांगितलं, फुकट दुरुस्त करतो म्हणाला, आणि विचारलं, जाहिरातीत दोष लिहिलेला असूनही पाण्यात कसं काय नेलंत?

तो माणूस म्हणाला, "अहो, मला वाटलं दोष म्हणजे रंगाबिंगात असेल. डायव्ह घड्याळ पाण्यात चालत नाही, असं कोण धरून चालेल?"